मार्गापघात : पादचारी व दुचाकीस्वारांच्या गंभीर इजा

सार्वजनिक रस्त्यावर वाहनाची धडक बसून, वाहनावरून पडून किंवा वाहनाखाली सापडून शरीरास होणाऱ्या इजेस मार्गापघातजन्य इजा असे म्हणतात. मोटारगाडीतील प्रवाशाभोवती पोलादी सांगाडा, आसनपट्टा व हवापिशवी यांचे संरक्षण असते. धडकेची ऊर्जा त्याच्या शरीरापर्यंत पोहोचण्यापूर्वी पुष्कळशी या कवचाच्या चेपण्यात खर्च होते. पादचारी, सायकलस्वार व मोटारसायकलस्वार यांना असे कवच नसते. ही ऊर्जा त्यांच्या त्वचेला, हाडांना व अंतर्गत इंद्रियांनाच झेलावी लागते. म्हणून या तिन्ही वर्गांना एकत्रितपणे असंरक्षित मार्गवापरकर्ते असे संबोधण्यात येते. पादचारी व सायकलस्वार यांच्यापासून इतरांना पोहोचणारा धोका अत्यल्प असतो. इतरांपासून त्यांना पोहोचणारा धोका मात्र फार मोठा असतो. इजा कितपत गंभीर होणार, हे चूक कोणाची यापेक्षा धडकेच्या वेळचा वेग आणि धडकणाऱ्या वाहनाचे वस्तुमान व आकार यांवर अवलंबून असते. ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासात मूलभूत मानली जाते.

इतिहास : मोटारगाडीची धडक बसून पादचारी मृत्यू पावल्याची ग्रेट ब्रिटनमधील पहिली घटना लंडन येथील क्रिस्टल पॅलेसच्या परिसरात १७ ऑगस्ट १८९६ रोजी घडली. त्यानंतर वाहनांची संख्या व वेग वाढत गेला आणि रस्ते प्रामुख्याने मोटारींसाठी आखले जाऊ लागले. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जागा ब्रिटनमध्ये १९५१ मध्ये कायद्याने मान्य झाल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपघाताचे कारण बहुधा व्यक्तीच्या निष्काळजीपणात शोधले जात असे. अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी १९६० नंतरच्या दशकात या विचाराला निराळे वळण दिले. रोगामागे जसा जंतू, तशी इजेमागे शरीराला न पेलणारी ऊर्जा असते, असे प्रतिपादन त्यांनी केले. अपघातापूर्वीची, प्रत्यक्ष आघाताची व आघातानंतरची अशा तीन अवस्था कल्पून प्रत्येक अवस्थेत माणूस, वाहन व परिसर या तिन्हींचा विचार करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. अपघात हा शब्द दैवगती सुचवितो म्हणून अनेक अभ्यासक ‘वाहतुकीतील इजा’ ही संज्ञा अधिक पसंत करतात. भारतात या दृष्टीने संशोधन करणाऱ्यांत दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील दिनेश मोहन (१९४५–२०२१) हे अग्रणी होत.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सु. ११ लाख ९० हजार व्यक्ती रस्त्यांवरील अपघातांत मृत्यू पावल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक असंरक्षित मार्गवापरकर्ते होते. पादचाऱ्यांचे प्रमाण सु. २३ टक्के, यांत्रिक दुचाकी व तीनचाकी वाहनांवरील व्यक्तींचे सु. २१ टक्के व सायकलस्वारांचे सु. ६ टक्के होते. पाच ते एकोणतीस वर्षे या वयोगटात मृत्यूचे हे सर्वांत मोठे कारण ठरले. मृतांखेरीज दरवर्षी दोन ते पाच कोटी व्यक्ती जखमी होतात आणि त्यांतील अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

भारतात २०२२ मध्ये ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या व ४,४३,३६६ जखमी झाल्या. मृतांमध्ये यांत्रिक दुचाकीवरील व्यक्ती सु. ४४.५ टक्के व पादचारी सु. १९.५ टक्के होते. सायकलस्वार मिळविल्यास हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या घरात जाते. महाराष्ट्रात त्या वर्षी ३३,३८३ अपघातांत १५,२२४ मृत्यू झाले. पाश्चात्त्य देशांत मृतांमध्ये मोटारीतील प्रवाशांचा भरणा मोठा असतो. भारतीय रस्त्यांवरील चित्र असे निराळे असल्याने मोटारीतील प्रवाशांसाठी योजलेले उपाय येथे जसेच्या तसे पुरे पडत नाहीत.

मृत्यूंच्या मानाने गंभीर इजांची नोंद अपुरी असते. मृत्यूची नोंद पोलिसांकडे बहुधा होते. परंतु सायकलवरून घसरून मांडीचे हाड मोडलेला मनुष्य थेट रुग्णालयात जातो आणि पोलिसांच्या आकडेवारीत येतच नाही. नेदर्लंड्समध्ये रुग्णालयांच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर असे आढळले की, गंभीर जखमी झालेल्या सायकलस्वारांपैकी बहुसंख्य व्यक्तींच्या अपघातांत मोटारवाहनाचा संबंधच नव्हता.

गंभीर इजेची व्याख्या : कायदा व वैद्यक यांची गंभीर इजेची कल्पना सारखी नाही. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. डोळा, कान, अवयव किंवा सांधा कायमचा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे हे त्यांपैकी काही होत. जीव धोक्यात आणणारी किंवा वीस दिवस तीव्र वेदना देणारी अथवा नित्याचे व्यवहार अशक्य करणारी इजाही त्यांत मोडत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात हे प्रकार कायम राहिले. मात्र वीस दिवसांची मुदत पंधरा दिवसांवर आणण्यात आली. या व्याख्येनुसार मोडलेले बोट व चिरडलेली श्रोणी या दोन्ही इजा एकाच वर्गात पडतात.

वैद्यकात १९६९ पासून वापरात आलेल्या संक्षिप्त इजा-श्रेणीत प्रत्येक इजेस एक (किरकोळ) ते सहा (सध्याच्या उपचारांनी न वाचणारी) असे अंक दिले जातात. सुझन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यावरून इजा-तीव्रता गुणांक तयार केला. त्यासाठी शरीराच्या सर्वाधिक इजा झालेल्या तीन विभागांच्या अंकांचे वर्ग करून त्यांची बेरीज करतात. उदा., डोक्यास चार, छातीस तीन व पायास तीन असे अंक असल्यास गुणांक १६ + ९ + ९ = ३४ येतो. पंधराहून अधिक गुणांक असलेल्या रुग्णाची इजा बहुधा प्रमुख आघात मानली जाते.

वेग व आघात : गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किमी. वेगाच्या मोटारीचा आघात उंचीच्या भाषेत सांगावयाचा झाल्यास तो सु. साडेतीन मी. उंचीवरून पडण्याच्या वेगाइतका असतो. ताशी ५० किमी. वेगास ही उंची सु. दहा मी. म्हणजे तिसऱ्या मजल्याएवढी आणि ताशी ७० किमी. वेगास सु. १९ मी. होते. युरोपातील अपघातांच्या अभ्यासातून असे दिसले आहे की, ताशी ५० किमी. वेगाने धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ताशी ३० किमी. वेगाच्या धडकेतील शक्यतेच्या पाचपटींहून अधिक असते. वृद्धांच्या बाबतीत ती याहूनही वाढते.

वेगामुळे थांबण्याचे अंतरही वाढते. चालकाला धोका दिसून गतिरोधक दाबण्यास एक सेकंद लागतो व रस्ता कोरडा आहे, असे धरल्यास ताशी ३० किमी. वेगाची मोटार सु. १३ मी. अंतरात थांबते. ताशी ५० किमी. वेगाची मोटार तेवढ्या एका सेकंदातच सु. १४ मी. पुढे गेलेली असते. म्हणजे मोटारीपुढे साडेतेरा मी. अंतरावर एखादे मूल अचानक रस्त्यात आले, तर पहिली मोटार त्याच्यापाशी पोहोचण्यापूर्वी थांबेल. दुसरी मोटार पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळेल. दोन्ही प्रसंगी मुलाची चूक तीच आणि चालकाची दक्षताही तीच. परिणाम मात्र सर्वस्वी भिन्न होतो.

पादचाऱ्यांच्या इजा : उभ्या प्रौढ व्यक्तीस मोटारीची धडक बसते, तेव्हा प्रथम मोटारीचा पुढील दांडा गुडघ्याच्या आसपास लागतो व पायाची हाडे मोडतात. त्यानंतर शरीर मोटारीच्या पुढील झाकणावर कलंडते आणि डोके झाकणावर किंवा समोरच्या काचेच्या चौकटीवर आदळते. अखेरीस शरीर जमिनीवर फेकले जाते व तिसरा आघात होतो. लहान मुलाच्या बाबतीत दांडा मांडीला आणि झाकणाची कड छाती वा पोटाला लागते, तर फेकले गेल्यावर डोके जमिनीवर आदळते. मांडीचे हाड, धड व डोके यांच्या एकत्र इजेस वॉडेल त्रिक असे नाव आहे. मांडी मोडलेल्या मुलाचे पोट व डोके तपासल्याविना राहू नये, हा या त्रिकाचा व्यवहारातील अर्थ होय.

बस, मालमोटार व उंच बांधणीची मोटार यांचा पुढील भाग सरळ उभा व उंच असल्याने आघात थेट धडावर किंवा डोक्यावर होतो आणि मनुष्य झाकणावर न कलंडता पुढे वा खाली लोटला जातो. चाकाखाली सापडल्यास श्रोणी चिरडते व त्वचा खालच्या स्नायूंपासून सोलून निघते. बाहेरून रक्त दिसत नसतानाही श्रोणीच्या पोकळीत प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो.

सायकलस्वारांच्या इजा : सायकलस्वार पडताना हात पुढे टेकतो, त्यामुळे मनगट व गळ्याजवळचे हाड (जत्रुक) मोडण्याचे प्रमाण मोठे असते. हाताळीचे टोक पोटात घुसून यकृत, प्लीहा वा स्वादुपिंड फाटण्याचा प्रकार विशेषतः मुलांत आढळतो. बाहेर केवळ खरचटल्याची खूण असल्याने या इजेकडे सुरुवातीस दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. मागे बसविलेल्या मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकून टाचेची त्वचा व स्नायुबंध फाटणे ही भारतात वारंवार दिसणारी इजा होय. सर्वांत घातक अपघात अवजड वाहनाच्या वळण्याच्या वेळी होतो. डावीकडून वाहतूक असलेल्या देशांत डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या बाजूला असलेला सायकलस्वार चालकाच्या दृष्टीआड राहतो व मागील चाकाखाली ओढला जातो.

मोटारसायकलस्वारांच्या इजा : मोटारसायकलस्वारांचे मृत्यू प्रामुख्याने डोक्याच्या इजेमुळे आणि अपंगत्व मुख्यतः पायांच्या इजांमुळे येते. गुडघ्याखालील मोठ्या हाडावर (अंतर्जंघास्थी) पुढच्या बाजूस केवळ त्वचेचे आवरण असल्याने त्याचा अस्थिभंग पुष्कळदा उघडा असतो. अशा जखमेत माती जाऊन जंतुसंसर्ग होतो. हाड जुळण्यास कित्येक महिने लागतात आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. पडताना डोके एका बाजूस व खांदा दुसऱ्या बाजूस ताणला गेल्यास मानेतून हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकांचे जाळे तुटते आणि तरुण वयात एक हात कायमचा लुळा पडतो.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचा धोका निराळा असतो. साडीचा पदर किंवा ओढणी मागील चाकात गुंतल्याने स्त्रिया खेचल्या जाऊन खाली पडतात. गळ्याभोवती ओढणी आवळली गेल्यास मानेच्या मणक्यांस इजा होते. यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी (१९८९) मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन, हात धरण्याची सोय व पाय ठेवण्याची जागा बंधनकारक केली. एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसण्याच्या पद्धतीत तोल सांभाळणे कठीण जाते.

डोक्याची इजा व शिरस्त्राण : डोके अकस्मात थांबले, तरी कवटीतील मेंदू जडत्वामुळे पुढे जात राहतो व कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो, पुष्कळदा विरुद्ध बाजूसही त्यास इजा होते. डोक्याला पीळ बसल्यास मेंदूतील सूक्ष्म तंतू ठिकठिकाणी तुटतात. कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असल्यास रुग्ण काही वेळ शुद्धीवर येऊन बोलतो-चालतो आणि नंतर झपाट्याने बेशुद्ध होतो. ‘काही झाले नाही’ असे समजून घरी पाठविलेल्या रुग्णाचा घात होतो तो अशा वेळी.

प्रसिद्ध ब्रिटिश सेनाधिकारी व लेखक टी. ई. लॉरेन्स हे मे १९३५ मध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून पडले व डोक्याच्या इजेने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदू-शस्त्रक्रियातज्ञ ह्यू केर्न्स हे होते. पुढे केर्न्स यांनी सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास करून १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला; त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचे केले. नागरिकांसाठी अशी सक्ती प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९६१ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७६ नंतर अनेक राज्यांनी सक्ती उठविली. तेथे मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढल्याचे दिसून आले. उपलब्ध संशोधनाच्या २००८ मधील एकत्रित परीक्षणानुसार शिरस्त्राणामुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सु. ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सु. ६९ टक्क्यांनी कमी होतो.

शिरस्त्राणाचे बाहेरील कठीण कवच आघात मोठ्या क्षेत्रावर पसरविते. आतील थर्मोकोलसारखा फेसाचा थर चेपला जाऊन डोके थांबण्याचा अवधी वाढवितो. हा थर एकदाच उपयोगी पडतो. म्हणून मोठा आघात झालेले शिरस्त्राण बदलावे लागते. हनुवटीचा पट्टा न बांधल्यास ते प्रथम उडून जाते. भारतात शिरस्त्राणांसाठी आयएस ४१५१ हे मानक असून १ जून २०२१ पासून प्रमाणित शिरस्त्राणांचीच विक्री बंधनकारक झाली. मोटार वाहन अधिनियमाच्या (१९८८) १२९ व्या कलमानुसार चालक व मागे बसणारी व्यक्ती या दोघांनीही ते वापरावयाचे असते. फेटा बांधणाऱ्या शीखधर्मीयांना यातून सूट आहे. २०२२ मध्ये शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्यू पावले व त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. शहरात वेग कमी असल्याने त्याची गरज नाही, असा आक्षेप पुण्यासारख्या शहरांत सक्तीच्या विरोधात वेळोवेळी घेण्यात आला. परंतु सु. दीड मी. उंचीवरून नुसते पडल्यानेही डोके ताशी सु. २० किमी. वेगाने जमिनीवर आदळते, हे ध्यानात घेतल्यास हा आक्षेप टिकत नाही.

उपचार व पुनर्वसन : इजेनंतरच्या पहिल्या तासास मोटार वाहन अधिनियमात सुवर्णकाल असे म्हटले आहे. या काळात रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे व मान न हलविता रुग्णास योग्य रुग्णालयात पोहोचविणे यांवर प्राण वाचणे अवलंबून असते. चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत (२०१०) असे सिद्ध झाले की, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात.

भारतात उपचारांच्या आड पुष्कळदा कायद्याची भीती आली. पोलीस प्रकरणाच्या धास्तीने जखमी स्कूटरस्वारास एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठविण्यात आले व वाटेत तो मरण पावला, या वृत्तावरून चाललेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये प्राण वाचविणे हे प्रत्येक वैद्याचे प्रथम कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. जखमीस मदत करणाऱ्या वाटसरूस संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली व २०१९ च्या दुरुस्तीने ती अधिनियमात आली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद झाली. पळून गेलेल्या वाहनामुळे जबर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये भरपाई १ एप्रिल २०२२ पासून ठरविण्यात आली. प्राण वाचल्यानंतरचा काळ मात्र दीर्घ असतो. मेरुरज्जू किंवा मेंदूची इजा झालेल्या व्यक्तीस व्यायामोपचार, कृत्रिम अवयव व व्यवसायशिक्षण यांची वर्षानुवर्षे गरज भासते. जखमी व्यक्ती बहुधा मिळवत्या वयाची असल्याने संपूर्ण कुटुंबाचे अर्थकारण ढासळते.

प्रतिबंध : नेदर्लंड्समध्ये १९७१ साली सु. ३,३०० व्यक्ती रस्त्यांवर मरण पावल्या व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली. निवासी भागातील वेग पावलांच्या गतीवर आणणाऱ्या गल्ल्यांना १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली आणि पुढे सायकलींसाठी स्वतंत्र मार्गांचे जाळे विणले गेले. वाहने कितीतरी वाढूनही २०२३ मध्ये तेथील मृतांची संख्या ६८४ होती. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारले. माणूस चुका करणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू वा अपंगत्व होऊ नये, अशा रीतीने रस्ता आखावा, हे त्यातील सूत्र होय. त्यानुसार पादचारी व मोटारी जेथे एकत्र येतात, तेथे वेगमर्यादा ताशी ३० किमी. ठेवतात, अधिक वेग हवा असल्यास दोघांचे मार्ग वेगळे करतात. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे २०१९ मध्ये एकही पादचारी किंवा सायकलस्वार मृत्यू पावला नाही.

भारतात २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिकांच्या हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० किमी. व दुचाकींसाठी ताशी ६० किमी. ही कमाल मर्यादा ठरविली होती; त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्यांना आहे. दुचाकींच्या रचनेतही सुधारणा झाल्या. इंजिन चालू असताना पुढील दिवा आपोआप पेटता राहण्याची सोय २०१७ पासून व १२५ घ. सेंमी.हून मोठ्या नव्या मोटारसायकलींवर चाक जाम न होऊ देणारी गतिरोधक यंत्रणा २०१८ पासून आवश्यक करण्यात आली. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. मुंबईत २००८ पासून पादचाऱ्यांसाठी उंचावरील मार्ग बांधण्यात आले. जिने चढणे वृद्ध, अपंग व ओझे घेतलेल्या माणसांना अवघड जाते आणि पुष्कळ लोक खालूनच रस्ता ओलांडतात. यामुळे वाहनांचा वेग कमी करून रस्त्याच्या पातळीवरच ओलांडण्याची सोय करणे अधिक परिणामकारक ठरते. सलग व अतिक्रमणमुक्त पदपथ, ओलांडण्याच्या जागी उंचवटा व मध्ये थांबण्यास दुभाजक, पुरेसा उजेड, अवजड वाहनांच्या बाजूंस अडसर आणि वेगमर्यादेची काटेकोर अंमलबजावणी हे उपाय स्वस्त व सिद्ध झालेले आहेत. रस्त्याचा दर्जा त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या वेगावरून ठरविण्याऐवजी मूल, वृद्ध व सायकलस्वार त्यावरून कितपत निर्धोकपणे जाऊ शकतात यावरून ठरविणे, हे या उपाययोजनेचे मुख्य तत्त्व होय.